कुरकुर आणि सही



आपल्या मंडळीत नोकरीसाठी पुष्कळ प्रार्थना होते. मुलाखत असली की विनंती येते, नोकरी लागली की साक्ष होते, पहिल्या पगारातून उपकारस्तुतीचे अर्पण येते, आणि मग त्या नोकरीचा विषय आपल्या उपासनेतून निघून जातो. पुढची वीस-तीस वर्षे माणूस तिथे कोणाबरोबर काढतो, कोणामुळे त्याला रात्री झोप लागत नाही, याविषयी कोणी प्रार्थनेची चिठ्ठी देत नाही. कामावरची माणसे म्हणजे जणू देवाच्या कक्षेबाहेरची. म्हणून आज मी माझ्या हाताखालच्या एका माणसाविषयी लिहितो आहे. नाव लिहीत नाही. कामावर सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात तपासणी विभाग सांभाळतो. फौंड्रीतून कास्टिंग येते, आमच्याकडे त्याचे मशिनिंग होते, आणि गाडीत चढण्यापूर्वी प्रत्येक लॉट आमच्या टेबलावरून जातो. व्यास मोजायचा, खोली मोजायची, गेज घालून बघायचे, रिपोर्ट भरायचा, खाली सही करायची. विभागात आम्ही सहा जण. मी या विभागात आलो त्याच्या कितीतरी आधीपासून मामा तिथे आहेत.

मामा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. खानापूर तालुक्यातून रोज मोटारसायकलने येतात. हात असा की नुसते बोट फिरवून बोअरमध्ये रेघ आहे की नाही ते सांगतील. पण तोंड उघडले की पहिला शब्द ‘नाही’. नवी ऑर्डर आली, ‘होणार नाही.’ नवे मशीन आले, ‘टिकणार नाही.’ नवा मुलगा लागला, ‘राहणार नाही.’ बोनस मिळाला त्या दिवशीसुद्धा मामा म्हणाले, ‘बघा, पुढच्या वर्षी मिळणार नाही.’

एवढेच असते तर मी हा लेख लिहिला नसता. कुरकुर हा गुन्हा नव्हे. स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रे गाऱ्हाण्यानेच सुरू होतात आणि देवाने ती ऐकून घेतली आहेत. अडचण होती ती सहीची. मामा माप घेत, रिपोर्टात आकडे भरत, आणि सहीची जागा कोरी ठेवून उठून जात. गाडी दारात उभी असे, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असे. मग कोणीतरी तरुण मुलगा सही करून टाकी. आणि लॉट परत आला की मामांचे वाक्य तयार: ‘मी तर आधीच म्हणत होतो. माझी सही बघा, हाय का कुठं?’ खरेच नसे. मामांच्या नावावर इतक्या वर्षांत एकही चूक नाही. त्यांचा हिशेब अगदी चोख.

असा माणूस सांभाळताना नुकसान कुठे होते ते पहिल्यांदा मला एका मुलीने दाखवले. डिप्लोमा करून आलेली, शिकाऊ, हुशार. तीन महिन्यांत माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘सर, मला मशीन शॉपला घाला.’ विचारले, इथे कोणी काही बोलले का? ‘नाही सर. पण घरी आई म्हणते, तू हल्ली प्रत्येक गोष्टीला होणार नाही म्हणतेस.’

गणना १३ आणि १४ हे दोन अध्याय मी त्या रात्री पुन्हा वाचले. बारा हेर गेले, चाळीस दिवस तोच देश हिंडले, द्राक्षांचा तोच घोस दोघांच्या खांद्यावर काठीला अडकवून आला. घोस सगळ्यांसमोर होता. तरी दहा जण बोलले आणि त्याच रात्री सबंध छावणी रडली. त्या दहांनी राक्षसांविषयी खोटे सांगितले असे नाही. ते धिप्पाड लोक तिथे होतेच, कालेबानेही ते पाहिले होते. खरी गोष्ट अशा रीतीने सांगता येते की ऐकणाऱ्याचे पाय गळून जातात. मामांचेही तसेच. ते खोटे क्वचितच बोलतात.

आता ख्रिस्ती माणसाने अशा वेळी काय करावे? आपल्यातले बरेच अधिकारी एक सोपा मार्ग धरतात आणि त्याला क्षमा असे नाव देतात. कुरकुर करणाऱ्याला बाजूला ठेवायचे आणि त्याचे काम जो मुकाट्याने करतो त्याच्या टेबलावर सरकवायचे. वाद नाही, आवाज नाही, साहेब फार चांगले अशी कीर्ती. ही क्षमा फुकट असते, कारण तिची किंमत तिसराच कोणी भरतो. आमच्या विभागात ती किंमत दोन तरुण मुले आणि ही मुलगी भरत होती. मला हे दयेचे काम वाटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे रागावणे, सगळ्यांसमोर बोलणे, ‘तुमचा स्वभाव बदला’ म्हणून सुनावणे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला स्वभाव बदला म्हणणे म्हणजे उंची वाढवा म्हणण्यासारखे आहे. नोकरीत आपण माणसाकडे काम मागू शकतो, वेळ मागू शकतो, सही मागू शकतो. स्वभाव मागायचा तो प्रभूने.

म्हणून मी दोन आठवडे फक्त वहीत लिहीत गेलो. कोणती तारीख, कोणता लॉट, काय म्हणाले, सही कोणी केली. हे लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. शास्त्रात कुरकुर करणारी दोन माणसे आहेत, त्यांचे बोलणे ऐकायला सारखे वाटते, पण देवाची त्यांच्याशी वागणूक अगदी वेगळी आहे. एक एलीया आणि दुसरा मत्तय २५ मधला तिसरा दास.

एलीयाची हकीकत १ राजे १९ मध्ये आहे. ईजबेलीच्या भीतीने तो पळाला, बैर-शेब्यात चाकराला सोडले, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. पुढे होरेबाच्या गुहेत देवाने त्याला दोनदा एकच प्रश्न विचारला आणि दोन्ही वेळा त्याने तेच रडगाणे जवळजवळ त्याच शब्दांत सांगितले: मीच एकटा उरलो आहे. आता देवाने काय केले तो क्रम पाहा. आधी झोपू दिले. मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. मग चाळीस दिवसांची वाट. मग प्रश्न. उत्तर ऐकून घेतले, वाद घातला नाही. आणि मग काम सांगितले: परत जा, हजाएलाला अभिषेक कर, येहूला कर, अलीशाला आपल्या जागी नेम. ‘तू एकटा नाहीस, सात हजार आहेत’ ही दुरुस्ती देवाने अगदी शेवटी केली, काम सोपवून झाल्यावर. आम्ही मात्र पहिल्या वाक्यालाच दुरुस्ती करायला धावतो. कोणी म्हणाले ‘इथे कोणालाच काही पडलेले नाही’, की आम्ही लगेच मोजून दाखवतो कोणाकोणाला पडले आहे.

तिसऱ्या दासाशी धनी असा वागला नाही. त्या दासाला एकच तालांत मिळाला म्हणून आपल्याला त्याची थोडी कीव येते. पण एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. साधारण वीस वर्षांची कमाई झाली. एवढे धन त्याने जमिनीत पुरले. हिशेबाच्या दिवशी त्याने आधी धन्याचे दोष सांगितले, तो कठोर आहे, पेरले नाही तिथे कापतो. मग सांगितले की मी भ्यालो. आणि मग तालांत जसाच्या तसा पुढे केला. चोरी नाही, उधळपट्टी नाही, हिशेब चोख. मामांच्या कोऱ्या सहीसारखा. एलीयाची तक्रार कर्मेल डोंगरावरचे काम झाल्यावर आली. याची तक्रार कामाच्या जागी आली. आणि धन्याने त्याला भाकर दिली नाही, जाब विचारला.

मामा यांतले कोण, हे मला बसून विचारायचे होते. प्रभूने मत्तय १८ मध्ये सांगितलेली पहिली पायरी एकट्याने, एकांतात भेटण्याची आहे. ती मंडळीतल्या बंधूविषयी आहे हे खरे, पण कारखान्यातही ती पायरी गाळण्याचे कारण मला दिसत नाही. शनिवारी दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर, कॅन्टीनच्या मागच्या बाकावर आम्ही बसलो. चहा मागवला. मी वहीतल्या फक्त तीन तारखा वाचल्या, तीन लॉट, तीन कोऱ्या सह्या. स्वभावाविषयी एक शब्द काढला नाही. मग विचारले, ‘मामा, काय झालंय?’

पहिली वीस मिनिटे फौंड्री, मालक, पगार, रस्ता, सरकार. मी ऐकत राहिलो. चहा थंड झाला. मग म्हणाले, घरी आई अंथरुणाला खिळून आहे. रात्री तीनदा उठून तिला कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सात वाजताची पाळी म्हणजे घरातून साडेपाचला निघायचे. किती दिवस? ‘दीड वर्ष झालं की.’ विभागात कोणालाच हे माहीत नव्हते. सगळ्या जगाविषयी तक्रार करणाऱ्या माणसाने ही एक तक्रार कधी केली नव्हती.

आणि निघता निघता, उभे राहून, दुसरी गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात त्यांनी एका लॉटवर सही केली होती. लॉट परत आला. कास्टिंगमध्येच आत पोकळी होती, वरून मोजणाऱ्याला ती दिसणार कशी? पण कागदावर सही एकट्या मामांची. पगारातून पैसे कापले आणि चार लोकांसमोर बोलले ते वेगळेच. ‘त्या दिवशी आईची शपथ घेतली साहेब, आता सही नाही.’

म्हणजे अर्धे एलीया आणि अर्धे ते तिसरे दास. खऱ्या माणसांचे बहुधा असेच असते.

मामा माळकरी आहेत, एकादशी करतात. मी त्यांना यातले काहीही शास्त्रवचन म्हणून ऐकवलेले नाही. ज्याच्या पगारपत्रकावर आपली शिफारस लागते त्याला उपदेश करणे मला प्रशस्त वाटत नाही. तो ‘होय साहेब’ म्हणेल आणि त्या ‘होय’ला काही अर्थ नसेल. शास्त्र माझ्यासाठी होते, मी काय करावे यासाठी.

आधी भाकर. मालकांशी बोलून मामांना सातच्या पाळीतून काढून नऊच्या जनरल पाळीत घेतले. बाकीच्यांना कारण सांगितले, मामांची परवानगी घेऊन. एकानेही तोंड वाकडे केले नाही. तीन आठवड्यांत चेहरा बदलला. डोळे लाल दिसेनासे झाले, एकदा तर त्यांनी विनोद केला आणि पोरे एकमेकांकडे बघू लागली. कुरकुर निम्मी झाली असेल. सही मात्र एकदाही नाही.

इथे मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण पुष्कळ दयाळू माणसे याच जागी चुकतात असे मी पाहिले आहे. दुःख कळले, सवलत दिली, माणूस थोडा हसला, आणि आपल्याला वाटते झाले. पण पाळी बदलून जे जाते ते थकव्याचे होते. जे उरते ते भीतीचे. भीतीवर विश्रांतीचा उपाय चालत नाही. तिथे तालांत उकरून वर काढावा लागतो, आणि तो पुरणाऱ्यानेच काढायचा असतो.

तेव्हा पुन्हा बसलो. या वेळी एक कागद घेऊन, मराठीत, माझ्या हाताने लिहिलेला. मी लिहिले की एका गिऱ्हाइकाचा एक जॉब, एक व्हॉल्व्ह बॉडी, पूर्णपणे मामांचा. त्याचे माप दुसरे कोणी घेणार नाही, त्यावर दुसरे कोणी सही करणार नाही. लॉट थांबवायचा अधिकारही मामांचा; त्यांनी थांबवला तर मीसुद्धा त्यांना न विचारता सोडणार नाही. अधिकाराशिवाय जबाबदारी देणे म्हणजे नुसती हमाली, आणि मामांनी पूर्वी तीच केली होती. मग भीतीचे कलम: त्यांच्या सहीखाली माझी सही असेल. मोजून, लिहून, सही करून जर लॉट परत आला तर गिऱ्हाइकासमोर आणि मालकांसमोर पहिला मी उभा राहीन. न मोजता केली तर जबाब त्यांचा. आणि तक्रारीचे कलम: तक्रार कितीही करा, पण रजिस्टरमध्ये. काय, कुठे, कधीपासून, आणि तुमच्या मते काय करावे. तोंडी तक्रार मी ऐकेन, पण धरणार नाही.

मुदत तीन महिने. त्यानंतर काय, तेही कागदावर होते. सुधारणा नसेल तर प्रकरण ऑफिसकडे जाईल, कारणे दाखवा नोटीस, चौकशी, कायद्याप्रमाणे जे असेल ते. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. घरात आजारी आई असलेल्या माणसाला असे लिहावे का? लिहावे, असे मी ठरवले. मत्तय १८ मध्ये पायऱ्या आहेत त्या शेवटपर्यंत आहेत, आणि शेवटची पायरी माणसापासून लपवून ठेवणे म्हणजे त्याला अंधारात जिन्यावर उभे करणे. मामांनी वाचले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. म्हणाले, ‘हे होणार नाही.’ आणि कागद घडी करून खिशात घातला.

पहिल्या महिन्यात रजिस्टरमध्ये अकरा तक्रारी आल्या. आठ निव्वळ राग होता. तीन खऱ्या निघाल्या. त्यातली एक प्लग गेजची: मामांच्या म्हणण्याप्रमाणे तो झिजला होता. कॅलिब्रेशनला पाठवला, खरेच मर्यादेबाहेर झिजलेला निघाला. असा गेज भोकात जायला नको तिथे जातो आणि खराब जॉब चांगला म्हणून पास होतो. मी तो रिपोर्ट फळ्यावर लावला आणि खाली मामांच्या तक्रारीची तारीख लिहिली. मामा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी शिकाऊ मुलीला बोलावून गेजची कड नखाने कशी तपासायची ते दाखवत होते. ती मुलगी अजून आमच्याच विभागात आहे.

आणि सही? दुसऱ्या आठवड्यात पहिली आली. इतकी बारीक की कोणाला दिसू नये. त्याखाली मी माझी केली, मुद्दाम मोठी.

हे वाचून कोणी म्हणेल, छान झाले, साक्ष झाली. तसे नाही. गेल्या महिन्यात एका दिवशी कास्टिंगचा रंग जरा वेगळा होता. मामांनी माप घेतले, आकडे लिहिले, सहीची जागा कोरी ठेवली, लॉट थांबवलाही नाही, आणि पोटात दुखते म्हणून घरी गेले. गाडी दीड तास उभी राहिली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवले, तारीख वाचली आणि या वेळी लेखी ताकीद दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ताकीद मागे घेतली नाही.

विभागातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, स्टोअरला टाका, सुटा. मी त्याचाही विचार करतो. मार्काने पंफुल्यात पौलाची साथ सोडली होती; पुढच्या प्रवासाला पौलाने त्याला घेतले नाही, बर्णबाने घेतले आणि कुप्रास नेले. आणि म्हातारपणी त्याच मार्काला घेऊन ये म्हणून पौलाने तीमथ्याला लिहिले. एका जागी न टिकलेला माणूस दुसऱ्या जागी टिकतो. पण बर्णबाला मार्काचा सगळा इतिहास माहीत होता. स्टोअरवाल्याला खरे न सांगता माणूस त्याच्या गळ्यात बांधणे हे काही बर्णबाचे काम नव्हे. शिवाय स्टोअरमध्ये त्या बोटांना काम काय? तिथे बोअर नाही, रेघ नाही, नुसत्या पेट्या.

तीन महिने या ३० तारखेला पूर्ण होतात. वहीत आता चौतीस सह्या आहेत, सहा कोऱ्या जागा आहेत आणि एक ताकीद आहे. मालकांनी मला लेखी मत मागितले आहे आणि ते अजून मी लिहिलेले नाही. रोज सकाळी तिसऱ्या रेल्वे गेटापाशी गर्दीत अडकलो की मी त्या कागदासाठी प्रार्थना करतो, कारण त्यावर मला माझी सही करायची आहे.

तुम्हीही करा. मामांचे नाव मी देत नाही, प्रभूला ठाऊक आहे. आणि त्यांच्या आईसाठीही करा. थंडी सुरू झाल्यापासून तिच्या पाठीची जखम पुन्हा उघडली आहे, आणि रात्री मामा आता चारदा उठतात.